नऊ किलो

पेनिशेच्या धक्क्यावर लिलाव उतरता असतो.
भाव वरून खाली घसरत येतो, तांबड्या आकड्यांत,
आणि ज्याचा अंगठा आधी दाबेल, मासळी त्याची.
म्हणून कुणालाच वावगं वाटलं नाही
पहाटे पाचला, मी रात्रभर जागून चालू केलेल्या नव्या फळ्यावर
वजनांचा रकानाही उतरताच होता तेव्हा:

एस्पेरा-मे  ९
दुआस इर्मांश  ८५
सांता ऊर्सुला  ७००
बोआ व्हेंतुरा  १२४०

सगळ्यांत वर झेफेरिनो काल्देइरा.
वय एकाहत्तर, होडी बापाची,
नावाचा अर्थ 'माझ्यासाठी थांब'.
नऊ किलो. त्यातले दोन किलो बांगडे
तो मांजरांना घालणार होता.

हमालांनी टोप्या काढल्या.
कुणीतरी बर्फाच्या पेटीवर फावडं वाजवलं.
बाराशे चाळीस किलोंचा धनी
तळाशी आपलं नाव वाचत उभा राहिला,
बुटांतून पाणी गळत होतं त्याच्या.

मला एका नजरेत कळलं.
आकडे मी मजकूर म्हणून साठवले होते.
यंत्र बिचारं वजन करत नव्हतं, वाचत होतं.
पहिलं अक्षर पाहायचं, की निकाल.
शितावरून भाताची परीक्षा.
नवापुढे आठ कोण, सात कोण,
आणि एकाने सुरू होणारा हजार तर उंबऱ्यातच अडला.

दुरुस्ती एका ओळीची.
दोघांची तुलना म्हणजे वजाबाकी:
उरलं ते शून्याच्या वर की खाली, एवढंच विचारायचं.

मी टाइप करायला लागले तर झेफेरिनो काचेशी आला.
'पोरी, जरा दम धर. एल्व्हिराला फोन केलाय.'
एल्व्हिरा आली ती एप्रनसकट,
चष्मा घरी विसरून.
मान वर करून म्हणाली, 'कुठंय?'
'सगळ्यांत वर.'
वजन तिनं विचारलं नाही.

सव्वापाचला मी ओळ बदलली.
झेफेरिनो तळाशी. आवाजसुद्धा झाला नाही.
व्यापारी अंगठे चोळत बसले, भाव घसरू लागले.

साडेआठला फरशी धुऊन झाल्यावर,
फळा विझवायच्या आधी,
रकान्याच्या डोक्यावरचा बारका बाण मी दाबला, एकदाच.
चढता क्रम.
मी दोनदा तपासलं, यात चूक नव्हती,
आकडे आता आकडेच होते.

एस्पेरा-मे  ९

बाहेर मांजरांचं खाऊन झालं होतं.