कूळ

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ
विचारू नये म्हणतात.
तियाना नद्यांना सोडून देते,
सावा इथंच डॅन्यूबला मिळते तेवढं तिला पुरे.
माश्यांना मात्र कूळ विचारते,
अल्कोहोलच्या कुप्या खिशात वाजवत
अख्खं बेलग्रेड पालथं घालून.

यादीत एकोणतीस मोहोळं. एकही पाळीव नाही.
तोपचिदरच्या बागेत चिनाराच्या ढोलीतलं.
कबरस्तानातलं, जिथं दगडी देवदूताच्या
तडकलेल्या मानेतून माश्या ये-जा करतात.
झेमूनला, बंद बेकरीच्या धुराड्यातलं.
आणि नदीपलीकडे, काँक्रीटच्या ब्लॉकात,
सातव्या मजल्यावर शटरच्या पेटीत, सतरा नंबरचं.

दार उघडते रादोयका. हाताला कणीक.
"फवारायला आलात?"
नाही म्हटल्यावर कॉफी ठेवते.
"अकरा वर्षं हे शटर ओढलं नाही मी.
दुपारी खोली भाजते. भाजू दे."

पंधरा माश्या लागतात.
रादोयका मोजते, बारा, तेरा,
चौदावीला तोंड फिरवते.

"काय कळणार यातून?"
तियाना सांगते, एका पायात पुरतं सगळं.
आई, तिची आई, तिची आई.
बापांचा हिशेब निराळा:
राणी एक-दोन दुपारी उडते
आणि डझनभर नवरे करून परतते,
त्यातला एकही घर बघायला उरत नाही.
रादोयका हसते, कप खाली ठेवून हसते.
मग थांबते.

"पंचाण्णवच्या ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरवरून आलो क्रायनातून.
ट्रॉलीत शिवणयंत्र, सासू, एक बकरी.
रस्त्यात चार वेळा उतरवलं.
नाव काय, बापाचं नाव काय, मूळचे कुठले.
इथं आल्यावर इथल्यांनीही तेच विचारलं."
बोटांवरची कणीक खरवडत राहते.
"यांना कुणी उतरवलं नाही. पूल ओलांडला, आल्या."

तियानाजवळ याला उत्तर नसतं.
ती कुप्यांवर आकडे लिहिते.

निकाल मार्चमध्ये येतो.
बागेतल्या माश्या एकमेकींच्या फार जवळच्या,
गावाबाहेरच्या पेट्यांशी सोयरीक असलेल्या.
सतरा नंबर मात्र अठरापगड,
आणि तिची आईकडची रेघ
फक्त कबरस्तानातल्या देवदूताशी जुळते.
तियाना फोन करते, भराभर सांगते,
वैविध्य, दुर्मीळ, महत्त्वाचं.

पलीकडून भांड्यांचा आवाज.
"बरं. पण हिवाळ्यातून निघाल्या, ते लिहिलंस का?
फेब्रुवारीत भिंतीला कान लावला तर
फ्रिजसारखा आवाज यायचा. हळू.
रोज लावायचे."

तक्त्यात तसा रकाना नाही.
तियाना "मूळ" खाली अक्षरं-आकडे भरते,
जसे आले तसे, खाडाखोड न करता.
"पत्ता" खाली थोडा वेळ काही लिहीत नाही.
मग लिहिते:
पश्चिमेची खिडकी.