पाचशे वीस

सेलूत आमच्या गल्लीला आठव्या दिवशी पाणी.
उद्या पहाटेचा वार. वॉल्व मीच सोडतो,
आणि माझ्याच घरात
सकाळपासून लेकराला लघवी नाही.

सम्यक, सहा वर्षांचा. बेंबीखाली हाताला लागलं
काहीतरी गोल, टणक, कच्च्या कवठासारखं.
चंद्रकलाकाकूनं पळसाची फुलं उकळून पोटावर बांधली.
बायको तांब्यानं बादलीत पाणी ओतत राहिली,
धार ऐकून धार येते म्हणून.
तो रडला, तेही जपून.
रडलं की दुखायचं.

परभणीला पोचलो तेव्हा रात्रीचे दोन.
कादरी मॅडम विचारत गेल्या,
संडासला कधी झाली? कुठं पडला का?
मेडिकलवरून सर्दीचं औषध पाजलं का?
शाळेत दाबून धरतो का रे?

ह्याला मात्र सम्यकनं उत्तर दिलं.
करंगळी वर केली, गुरुजींना दाखवतात तशी,
आणि वरच ठेवली.
मला वाटलं, सापडलं. शाळेच्या मुतारीला कुलूप असतंय.
मॅडम म्हणाल्या, तेही असतं. पण पालथा करा त्याला.

कमरेच्या खाली, डाव्या अंगाला
पाणीदार पुळ्यांचा एक पट्टा.
आम्ही घामोळ्या समजून पावडर थापलेली.

"कांजण्या झाल्या होत्या?"
झाल्या की, मागच्या उन्हाळ्यात. गेल्या.
"गेल्या नाहीत. मणक्यापाशी, नसांच्या मुळाशी
दबा धरून बसल्या होत्या. आता उठल्या. ही नागीण.
लघवीला हुकूम देणारी नस हिनं मुकी केली.
बोलेल परत. दोन-तीन आठवडे धरा."

तोंडाला शेपूट भिडलं तर काय,
हे ओठावर आलेलं मी गिळलं.

नळी घालताना तो माझं बोट चावला.
मग पिशवीत आवाज.

बारा वर्षं वॉल्व फिरवतोय मी,
आधी पाइपात हवा खाकरते, मागून पाणी,
आणि बाया ओरडतात, आलं, आलं!
तसंच ओरडावं वाटलं, वॉर्डात, त्या झोपलेल्या माणसांत.
सिस्टरनं पिशवीवरची रेघ टॉर्चनं वाचली.
पाचशे वीस.
एवढ्याशा पोटात.

सम्यक तोंड उघडं टाकून झोपला.
करंगळी अजून अर्धी उभी.

साडेपाचला फोन वाजला. गल्लीतून.
"काय हो, पाणी आलं का?"
आलं, म्हणालो. पाचशे वीस.
"काय?"