सातवी रात्र

साल्मनच्या कारखान्यातून सुटून
तशीच आले, हातांना माशाचा वास.
कोंबडी एडेलमिराची, अंडी माझी,
पिल्लं निम्मी-निम्मी, असं ठरलंय.

बेटावरचे दिवे गेलेत. बरंच झालं.
पोटाखाली हात सारला तशी
खुडूक पिसं फुलवून घोगरं कुरकुरली,
टोचलं एकदा,
मग सगळी ऊब माझ्या मनगटावर सोडून दिली.

निळी टरफलं. उजेड सहजी आत घेत नाहीत.
बॅटरीभोवती मूठ आवळली:
पहिल्यात लाल जाळं, नुकतं विणलेलं,
मधोमध ठिपका. हलला.
दुसऱ्यात तेच.
तिसरं नुसतं पिवळं, स्वच्छ,
भाडेकरू न आलेल्या खोलीसारखं.
ते बाजूला.

आठव्यात काय ते कळेना.
जाळं, की टरफलावरची रेघ?
श्वास रोखला, पुन्हा फिरवलं.
"बघत काय बसलीस, गार होईल ते,"
एडेलमिरा दारातून.

पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं,
परत रवणीत सरकवलं.

कोंबडीनं चोचीनं ते ओढून घेतलं, उलटवलं.
चिन्ह खाली गेलं.
मग छाती टेकवून नीट बसली.

"आठवं तुझ्या वाट्याचं हं,"
एडेलमिरा म्हणाली,
आणि अंधारात हसली.