अर्धा किलो

माझी टू-स्ट्रोक, मुठीच्या नुसत्या इशाऱ्यावर उडणारी.
केगावच्या खाणीत, पाझरानं ओल्या काळ्या दगडावर
मागचं चाक फिरायचं जागच्या जागी,
नाहीतर मूठ सोडली की फट्. बंद.
आणि शेजारून रेवणसिद्धची फोर-स्ट्रोक
धप्… धप्… चढून जायची,
दोन धपांच्या मध्ये
एक अख्खा रिकामा फेरा असूनही.

"तो रिकामा फेरा कोण ओढतंय, सांग बे?"
लेथवरून मान न उचलता मल्लेशम चिलका.
साखर पेठेत त्याच्या बापाचे चार माग होते.
वीज गेली तरी, म्हणाला,
जड चाक अजून दोन-तीन धोटे मारूनच थांबायचं.

त्यानं फ्लायव्हीलला पितळेचं कडं बसवलं.
अर्धा किलो.

आता मूठ पिळली की गाडी आधी ऐकून घेते,
मग निघते.
दगड चढलो, रबर चिकटून, कुठंही न घसरता.
उतारावर मात्र थांब म्हटलं
तेव्हा तिला अजून मघाचंच आठवत होतं.
पाय टेकला. एक गुण गेला.

मल्लेशम हसला.
"साठवलंस ना?
आता खर्चायला पण शिक की बे."