चार नंबरचं मशीन

वडगावच्या हॅचरीत माझी रात्रपाळी.
सेटरच्या काचेला कपाळ टेकवलं
की आत पंधरा हजार अंडी,
तासाला एकदा सगळी मिळून कूस बदलतात.
ट्रॉली कण्हते
आणि पुन्हा गप्प.

तीन नंबर : सदतीस पूर्णांक आठ. दिवसरात्र.
चार नंबरही तेवढंच,
पण सातव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत
संध्याकाळी सहाला
मी आकडा साडेएकोणचाळीसवर नेते,
आतली ओल वाढवते, वही भरते,
सकाळी सहाला परत खाली आणते.

डॉक्टर ऐनापुरे म्हणाले होते,
"लवकर नको जयमाला, आणि उशिरा तर नकोच.
याच दिवसांत आत काहीतरी बांधलं जातं,
ऊब धरायची कशी, सोडायची कशी, त्याचं.
तेव्हाच थोडा चटका दाखवून ठेवायचा.
पुढं ते विसरत नाही."
मी विचारलं, कोण विसरत नाही?
डॉक्टरांनी चष्मा पुसला.

दहाव्या रात्री एक अंडं दिव्यासमोर धरलं.
तांबडं जाळं, एक काळा ठिपका,
आणि ठिपका हलला.
माझा हात गार होता म्हणून असेल.

आई मला पोटात घेऊन
गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायची,
काहिलीतला रस उकळून वर यायचा
आणि तिचं अर्धं अंग भाजून निघायचं.
तरी मला ऊन सोसत नाही.
एप्रिलात एस.टी.ची वाट बघताना
डोळ्यांपुढं अंधारी येते, पाटीवरचं कोल्हापूर पुसलं जातं.
दिवस चुकले असतील,
नाहीतर आकडा.
तिच्याजवळ वही नव्हती.

एकविसाव्या दिवशी चिवचिवाट.
चार नंबरात थोडी अंडी उघडलीच नाहीत.
तेही लिहून ठेवलंय, शाई तीच.

पिल्लं आळत्याला गेली, आदगोंडा मगदुमांच्या शेडात.
मधोमध जाळी, डावीकडं तीनची, उजवीकडं चारची.
पस्तिसाव्या दिवशी, मे महिना,
दुपारी दीडला लाईट गेली.
फॉगर बंद, पंखे बंद,
पत्र्यावर हात ठेवला तर सालटं निघावं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी बघायला गेले.
लाईट तेव्हाही नव्हती.
डावीकडं सगळ्या चोची उघड्या,
पंख अंगापासून सुटे,
गळ्याखालची कातडी नुसती फडफडत होती.
उजवीकडंही धाप होती, नाही असं नाही,
पण मधूनच एखादी उठून
पाण्यापर्यंत चालत जायची.
एवढाच फरक.
चालत जाण्याएवढा.

खताच्या रिकाम्या पोत्यात कालच्या मेलेल्या.
"तिकडच्या एकेचाळीस, हिकडच्या नऊ,"
आदगोंडा अण्णांनी बोटांवर नाही, मनात मोजलं होतं.
"काय पाजलंयसा वो ह्यास्नी?"
काय नाही, म्हटलं,
अंड्यात असताना जरा तापवल्यात.
ते बराच वेळ जाळीकडं बघत राहिले.
"आमचं थोरलं पोरगं शिरोलीत फौंड्रीला हाय," म्हणाले,
"भट्टीम्होरं आठ तास.
त्येला कुणी तापवलं न्हवतं."
पुढं काही बोलले नाहीत.
मीही नाही.

त्याच आठवड्यात टेंपो आला.
वजन दोन किलो शंभर, दोन्हीकडं जवळपास सारखं.
उजवीकडच्याही क्रेटमध्ये बसल्या,
शेवटपर्यंत शांत.
रविवारी दीर कोंबडी घेऊन आला,
तांबडा केला, पांढरा केला.
कुठल्या मशीनची, हे दुकानात विचारत नाहीत.
मी वाटीतल्या वाफेवर फुंकर घालत बसले,
सगळ्यांचं जेवण उरकलं तरी.

आता नवी बॅच आहे.
आज सोळावा दिवस, शेवटची गरम रात्र.
बाहेर उसातून वारा येतोय,
वॉचमन चिलीम विझवून झोपलाय,
काचेवर माझ्याच श्वासाचा डाग.

पहाटे पाच पन्नासला मी आकडा खाली आणला.
दहा मिनिटं आधीच.

वहीत सहा लिहिले.