कानाच्या आतलं हाड

माणसाचं सगळ्यात टणक हाड कानाच्या आत असतं.
बाकीच्यांचं पीठ होतं, हे राहतं.
मी ते कापते. दुहेरी हातमोजे, तोंडाला मास्क,
टेबल ब्लीचनं दोनदा पुसलेलं,
कारण माझी एक शिंक पुरे,
आणि सहा हजार वर्षांपूर्वीची बाई
माझ्या आजोळची निघेल.

बैकालच्या काठी, सरमा वारा उतरतो त्या बाजूला,
सापडली होती ती दोघं. गेरूत माखलेली.
बाई कुशीवर. तिच्या दंडावर पोराचं डोकं.
पोराच्या गळ्यात हरणाच्या दातांची माळ,
त्यातल्या एका दाताला भोक अर्धंच पाडलेलं.
म्युझियमच्या काचेत पन्नास वर्षं एकच चिठ्ठी:
माता आणि बालक.
शाळेची पोरं तिथं आली की आपोआप गप्प होतात.

हा धागा फक्त आईकडून येतो.
बापाचं त्यात एक अक्षर नाही.
मुलग्यांना मिळतो, त्यांना पुढे देता येत नाही,
म्हणून एखादी ओळ संपते
ना रोगानं, ना लढाईत,
नुसते मुलगेच झाले म्हणून.

मंगळवारी निकाल आला.
पुन्हा केलं. शुक्रवारी तोच.
बाईची ओळ इथलीच, नदीकाठची.
पोराची दुसरीच, दूर पश्चिमेकडची.
पोर तिच्या पोटचं नव्हतं.
सावत्र आई, आत्या, शेजारीण,
की पळवून आणणारी?
ते या धाग्यात नाही.

म्युझियमचे झारगाल दोंदोकोविच फोनवर बराच वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, "सेसेग्मा, आता चिठ्ठीवर काय लिहू?"

मला वाढवलं दुल्मानं, बापाच्या दुसऱ्या बायकोनं.
फेब्रुवारीत माझे कान ठणकायचे.
ती तव्यावर मीठ भाजायची, लोकरी मोज्यात भरायची,
माझ्या कानाशी धरून बसायची,
गार झालं की पुन्हा उठायची.
काहीतरी गुणगुणायची. शब्द गेले.
तिला मी एझी म्हणायचे, आईला म्हणतात तसं.
उद्या कुणी माझं हे हाड कापलं,
जे तिच्या मिठानं शेकलं गेलं,
तर त्यात ती सापडणार नाही.

उरलेला तुकडा पेटीत ठेवला, नंबर टाकला.
झारगालना म्हटलं,
त्या अर्ध्या भोकाच्या दाताबद्दल लिहा.
कुणीतरी माळ करत होतं,
आणि वेळ पुरला नाही.