पीळ

थोराच्या पोटात, बरगडीखाली, उजवीकडे,
बूटपॉलिशच्या डबीएवढं काहीतरी आहे.
नात त्यावर कान ठेवते
आणि सांगते, काहीच ऐकू येत नाही.
नाहीच येणार. ती डबी पुरता थेंबही टाकत नाही,
थेंबाचा कुठलासा अंश टाकते
मणक्यातल्या पाण्यात, रात्रंदिवस.

पूर्वी रात्री दोननंतर तिचे पाय
कात्रीसारखे मिटायचे.
एर्लेंड उठायचा, गुडघ्यांत हात घालून
शिंपला उघडावा तसे उघडायचा.
ते पुन्हा मिटायचे.
चाळीस वर्षं ऑर्कनीच्या समुद्रातून
लॉबस्टरचे पिंजरे ओढलेले हात,
खाऱ्या पाण्यात आवळलेली कुठलीही गाठ सोडवणारे.
ही सुटेना.
गोळ्यांनी आधी जीभ झोपायची, मग डोकं.
पाय जागेच.

पंप बसवला त्या आठवड्यात पाय विरघळले.
काढून ठेवलेल्या मोज्यांसारखे पडून राहिले,
आणि थोरा रडली.
या ताठपणावरच तर उभी राहत होते मी,
खुर्चीतून पलंगावर जाईपर्यंत,
चार मोजेपर्यंत.
तेवढा परत द्या.

अॅबरडीनच्या नर्सने काही समजावलं नाही.
पोटावर एक यंत्र धरलं,
रेडिओचं स्टेशन लावावं तसा
आकडा खाली आणला. महिन्याने आणखी थोडा.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
इथे पीळ मोजून ठेवलाय,
सिंकपाशी उभं राहून
दोन कप विसळण्याइतका.

फ्रिजवर लाल पेनाने एक तारीख:
त्याआधी डबी भरायची.
नोव्हेंबर. नैऋत्येचा वारा. बोट रद्द.
दुसऱ्या दिवशीही रद्द.
एर्लेंड खिडकीशी, हातात भरती-ओहोटीचं कोष्टक,
पाठ असलेलं.
डबी कोरडी पडली तर काय होतं
ते दोघांनाही सांगितलंय. दोघंही बोलत नाहीत.
इतक्यात कुठेतरी बीप वाजतं.
तो तिच्या पोटाकडे बघतो, ती त्याच्याकडे.

मायक्रोवेव्ह.
दूध तापलं होतं.

तिसऱ्या पहाटे वारा पडला.
बोटीवर तिची खुर्ची कड्यांना बांधताना
त्याने सवयीने कोळ्याची गाठ मारली,
जीव खाऊन आवळली.
"सैल कर," ती म्हणाली,
"थोडीच."